विश्लेषण : भाषा एकच, तरी वेगळ्या विदर्भाची मागणी का?

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की वेगळ्या विदर्भाचा विषय हटकून निघतो. मराठी माणसाला मराठी माणसापासूनच वेगळे कशाला व्हायचे, असा प्रश्न मग पश्चिम महाराष्ट्रातून येतो. मात्र ही मागणी मुळात मराठीच्याच आधारावर उभी राहिली होती.

सुरुवात कुठून झाली?

तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे १८५३ मध्ये निधन झाले. त्यानंतर डलहौसीने वारस नाही म्हणून नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये हा मुलूख सागर-नर्मदेकडच्या हिंदी भागाशी जोडून मध्य प्रांत तयार झाला. निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेला वऱ्हाडही १९०३ मध्ये त्यालाच जोडला गेला. राजधानी नागपूर, पण प्रांतात बहुसंख्य हिंदी भाषक. त्यात वऱ्हाडच्या कापसाचा महसूल दुसरीकडे खर्च होतो, ही तक्रार. म्हणजे गाऱ्हाणी दोन होती, भाषेचे आणि पैशाचे. १ ऑक्टोबर १९३८ रोजी प्रांताच्या विधानसभेने मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या प्रांताचा ठराव केला, तो या दोन्हींतून.

मग काय बदलले?

फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये आठ मराठी जिल्ह्यांच्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ती बाजूला ठेवून १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. भाषेचे गाऱ्हाणे मिटले. पैशाचे राहिले, आणि नागपूरची राजधानीही गेली. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाची हमी दिली होती. तरीही दांडेकर समितीला १९८४ मध्ये अनुशेष मोजावा लागला.

इंग्रजांनी मुलूख ताब्यात घेतल्यावर घडलेल्या अस्मितेचे दुसरे उदाहरण कॅनडातील क्वेबेकचे. १७६३ मध्ये तेथील फ्रेंच भाषक ब्रिटिशांच्या अमलाखाली आले. भोवती इंग्रजीच असल्याने त्यांच्या अस्मितेचा आधार आजही भाषा आहे. विदर्भाचा तो आधार १९५६ मध्येच सुटला. उरला तो हिशेब: सिंचन, नोकऱ्या, वीज.

हिशेबावर मते मिळतात का? बापूजी अणे १९६२ मध्ये आणि जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये याच मागणीवर नागपुरातून लोकसभेत गेले. पुढे बहुतेक मोठ्या पक्षांनी विदर्भाची भाषा सोयीने वापरली आणि सोयीने सोडली. अनुशेषासाठी नेमलेल्या विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा रस्त्यावर फारसे कोणी उतरले नाही. अर्थात, टाळेबंदीही होती.