नाताळच्या शुभेच्छा : फॉरवर्ड नको, दोन ओळी लिहा

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’. आज तेच दोन शब्द चकाकत्या चित्रावर बसून कवठे येमाईतल्या फोनवरही येतात आणि न वाचताच पुढे जातात. निदान माझ्याकडून तरी.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज, पण मराठीत केव्हाच मुरलेला. शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणले. कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावे म्हणून. मग आपण ख्रिस्ती मित्राला तयार चित्र का ढकलायचे? त्याचे नाव घालून मराठीत दोन ओळी लिहा. त्याच्या घरातले यंदा कुणी गेले असेल, तर मेसेज नको, फोनच करा.