गळतीची चौकशी मालकाने स्वतः करावी

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारी आता मोटार उभी असते, आणि ती बहुधा जुनी असते. मारुती ८०० ही गाडी सन १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आली व तिची निर्मिती सन २०१४ मध्ये थांबली. अँबॅसडरचे उत्पादनही त्याच वर्षी बंद पडले. तेव्हा या जातीची जी गाडी आज चालत आहे तिने निदान दहा पावसाळे पाहिलेच आहेत, आणि कित्येकींनी तीस. इतक्या काळात रबराची सीले कडक होतात, पॅकिंगे आक्रसतात, पाण्याचे होज पाइप तडकतात. गाडीखाली डाग दिसू लागला तर त्यात नवल नाही.

नवल वाटते ते मालकाच्या वर्तनाचे. तो एक तर 'जुनी गाडी, गळणारच' असे म्हणून स्वस्थ बसतो, नाही तर गाडी मिस्त्रीच्या हवाली करून 'गळती काढा' एवढाच हुकूम सोडतो. हे दोन्ही मार्ग आम्हांस घातुक वाटतात. दुरुस्ती मिस्त्रीने खुशाल करावी. परंतु काय गळते, कोठून गळते आणि किती गळते या तीन प्रश्नांची चौकशी मालकाने स्वतः करावी, व ती पुरी झाल्यावाचून एकही सुटा भाग बदलू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या कामास यंत्रविद्येची जरूर नाही. पुठ्ठा, बॅटरी, फडके व एक वही इतके साहित्य नवशिक्यासही पुरे होते.

चौकशीवाचून खर्च कसा वाया जातो याचे एक उदाहरण सांगतो. आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांच्या गाडीत इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून ऑईल ठिबकत असे. मागचे ऑईल सील गेले, असे ठरवून गिअरबॉक्स खाली उतरविला गेला आणि सील बदलले. मजुरी पुष्कळ झाली. ठिबकणे मात्र राहिले. पुढे इंजिन धुऊन पाहिले तेव्हा इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरचे पॅकिंग मागल्या कोपऱ्यात सुटलेले आढळले. ऑईल तेथून निघून इंजिनाच्या पाठीवरून उतरत सांध्याशी येऊन पडत होते. ते पॅकिंग प्रथमच बदलले असते तर गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नसता.

यात मिस्त्रीची लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही. डाग जेथे पडतो तेथेच दोष आहे असे मानण्याची चूक कोणाकडूनही होते. शेतकऱ्याने मात्र ती करू नये, कारण पाटाची फूट वर असते व पाणी खालच्या बांधाला पाझरते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. ऑईल खाली उतरते, आणि गाडी चालत असता वाऱ्याने मागे ढकलले जाते. यास्तव ओलीचा सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ठिकाणा शोधावा. मूळ बहुधा तेथेच सापडते.

आता काय गळते ते पाहू. गाडी सपाट जागी उभी करून रात्रभर खाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा व पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खुणेने दाखवाव्यात, म्हणजे डाग कोणत्या भागाखाली पडला ते समजते. तपकिरी वा काळा, बोटास बुळबुळीत लागणारा डाग इंजिन ऑईलचा. दाट व उग्र गंधकी वासाचा असेल तर गिअर ऑईलचा. हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा, पाण्यासारखा पण किंचित चिकट व गोडसर वासाचा द्रव असेल तर तो कूलंट होय. वातानुकूलनाच्या नळीतून पडणारे निव्वळ पाणी निरुपद्रवी असते. फिकट पिवळा, पातळ व बुळबुळीत द्रव चाकाच्या आतल्या बाजूस किंवा ब्रेकच्या पेडलाशी दिसला तर तो ब्रेक ऑईल समजावा आणि गाडी जागची हलवू नये. तेथे वाट पाहणे म्हणजे जिवाशी खेळणे आहे.

कोठून गळते हे कळण्यास इंजिन प्रथम स्वच्छ पाहिजे. वर्षानुवर्षांच्या चिकट थरात नवी ओल ओळखता येत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर वीजनिर्मितीचा अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर व हवेचे तोंड प्लास्टिकने बांधून घ्यावे, डिग्रीझर व ब्रश यांनी धुवावे, आणि नीट वाळू द्यावे. नंतर दहा-पंधरा किलोमीटर फेरी मारून, इंजिन बंद करून, बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत यावे. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑईल फिल्टरचा बुडखा, ऑईलच्या दाबाचा स्विच, पुढचे सील, चेंबरचे पॅकिंग व त्याचा बूच ही क्रमवार पाहण्याची ठिकाणे. मागच्या सीलवर आरोप सर्वांत शेवटी ठेवावा, कारण तेथपर्यंत पोहोचणेच सर्वांत महाग पडते. एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. इंजिनाचा ब्रीदर चोंदला असेल तर आत दाब साठतो व तो चांगल्या सीलांतूनही ऑईल बाहेर लोटतो. ब्रीदर साफ न करता सील बदलले तर नवे सीलही गळू लागते. तसेच पॅकिंग गळते म्हणून बोल्ट बेताबाहेर आवळू नयेत. पॅकिंग चिरडते आणि ॲल्युमिनियममधील आटे जातात.

कूलंटची चौकशी याहून निकडीची आहे. ऑईलची मंद गळती, पातळी राखली तर, काही काळ सोसते. कूलंट संपून इंजिन तापले तर एका प्रवासातच हेड वाकते. होज पाइपांची टोके व क्लिपा, रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंप येथे पांढरट किंवा रंगीत खरपुडी दिसते. द्रव वाळून गेला तरी ती खूण राहते. वॉटर पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून ठिबकू लागले म्हणजे आतले सील संपत आले असे समजावे. ते भोक कोणी बुजवू म्हटले तर बुजवू देऊ नये. रेडिएटरचे झाकणही तपासावे. पाणी एरव्ही १०० अंश सेल्सियसला उकळते, पण झाकणाने वातावरणाइतका जादा दाब धरला तर सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग वा रबर ढिले पडले की कोठेही भोक नसता कूलंट उतू जाते. थंड इंजिनावर हातपंपाने रेडिएटरात दाब भरून पाहण्याचे साधन बहुतेक कारखान्यांत असते. काटा उतरत असेल तर गळती आहे हे सिद्ध होते. ही परीक्षा मालकाने मागून घ्यावी.

पुठ्ठा कोरडा, तरी पातळी उतरते, असेही होते. पायाखालचा गालिचा ओला व काचेवर गोडसर वासाचे धुके असेल तर हीटरची जाळी पाहावी. धुरांड्यातून गरम झाल्यावरही पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑईल, रेडिएटरात बुडबुडे ही लक्षणे एकत्र दिसली तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. थंडीच्या दिवसांत जवळच्याच फेऱ्या होत असतील तर ऑईलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ फेस नुसत्या दमटपणानेही येतो. तेवढ्यावर हेड उघडू नये. ऑईल गळत नाही, पण कमी होते व धूर निळसर असतो, तेव्हा ते जळत आहे.

आता किती गळते. आमची हयात महसुली दप्तरात गेली, म्हणून नोंदीचा आग्रह आम्ही धरणारच. दर आठवड्यास एकाच सपाट जागी, सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी, ऑईल व कूलंट यांच्या पातळ्या पाहून किलोमीटरसह वहीत मांडाव्यात. भर घातली तर तीही लिहावी. दोन महिन्यांची अशी वही मिस्त्रीपुढे ठेवली म्हणजे अंदाजाला जागा राहत नाही, आणि दुरुस्तीनंतर गुण आला की नाही याचाही निवाडा त्याच वहीवरून होतो.

कोणी म्हणेल, ज्याचे काम त्याने करावे. आपणांस एवढा वेळ कोठे? त्यावर आमचे उत्तर असे की मिस्त्री गाडी घटकाभर पाहतो, मालक रोज पाहतो. रोगाचा इतिहास मालकच सांगू शकतो. चांगला मिस्त्री अशा माहितीने रागावत नाही. त्याचे कष्ट वाचतात. गळती बंद करणाऱ्या पुड्यांचा मोहही धरू नये, कारण त्या रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवितात. कूलंटच्या जागी बोअरचे पाणी भरण्याची चाल तशीच वाईट. ठिबकच्या नळ्यांत जे क्षार बसतात तेच इंजिनात बसतात.

चौकशी करताना तीन पथ्ये मात्र पाळावीत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी चेहरा भाजून काढते. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. पक्के स्टँड लावावेत. आणि सांडलेले कूलंट तेथल्या तेथे पुसून घ्यावे. पुष्कळ कूलंटांत इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीस गोड असल्याने कुत्री व वासरे चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. लहान मुलांसही तोच धोका. काढलेले जुने ऑईल व कूलंट विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतणे हा तर स्वतःच्याच पाण्याशी द्रोह होय.

पावसाळ्यात मोटारीखालची जमीन ओली राहते व डाग कळत नाही. सबब ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे त्यांनी उघडीप मिळताच एक रात्र पुठ्ठा पसरावा आणि सकाळी जे दिसेल ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावे.