कोंबडी, ओव्हन आणि आपलं 'अंदाजे'

गोव्यात नाताळ जवळ आला की घरोघरी ओव्हन पुसून बाहेर निघतो आणि त्याबरोबर एक ठरलेलं वाक्यही: "ओव्हनमधली कोंबडी कोरडीच होते, त्यापेक्षा रस्सा बरा." मला हे पटत नाही. ओव्हन बिचारा सांगितलेलं काम करतो. घोळ होतो तो आपल्या 'अंदाजे' या शब्दामुळे.

रश्शात अंदाज चालतो. मांस पाण्यात असतं, उष्णता १०० अंशांच्या वर फारशी जात नाही, झाकण काढून ढवळता येतं, चव घेता येते. थोडं जास्त शिजलं तरी रस्सा सांभाळून घेतो. ओव्हनमध्ये मात्र २०० अंशांची कोरडी हवा असते. त्यात आपल्या बाजारात कोंबडी बहुतेक सोलूनच मिळते. कातडी आणि तिची चरबी मांसाला जे संरक्षण देते, ते आधीच गेलेलं असतं.

आता आतलं गणित बघा. ब्रेस्ट पीसमधली प्रथिनं ५० अंशांच्या आसपास आकसायला लागतात आणि ६५च्या पुढे पाणी भराभर बाहेर फेकतात. सर्वांत जाड भागात ७४ अंश झाले की मांस खायला सुरक्षित असतं. तिथून ८५ला नेलं की काथ्या चावल्यासारखं लागतं. लेग पीसचं उलटं. त्यातल्या चिवट भागाचं जिलेटिन व्हायला जास्त उष्णता आणि वेळ लागतो, म्हणून तो ८०-८५लाच मऊ लागतो. दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवून एकदमच बाहेर काढले, तर एक तरी बिघडणारच. ब्रेस्ट आधी काढा.

पद्धत साधी आहे. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ब्रेस्ट पीस १ तास फ्रिजमध्ये ठेवा. मिठामुळे मांस पाणी धरून ठेवतं. मग कोरडे पुसा, तेल-मसाला लावा. मसाल्यात मीठ नको. आधी २०० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. २०० ग्रॅमच्या बोनलेस तुकड्याला साधारण २० मिनिटांनी थर्मामीटर टोचून बघा, पण त्याआधीही एकदा बघायला हरकत नाही. हाड असेल तर टोक हाडाला लागू देऊ नका. बाहेर काढल्यावर ५ मिनिटं तसंच राहू द्या, मग कापा.

"रंगावरून कळतं की!" असं कोणी म्हणेल. नाही कळत. बाहेरून लालसर झालेला तुकडा आत कच्चा असू शकतो आणि हाडाजवळचं मांस पूर्ण शिजूनही गुलाबी दिसू शकतं. कच्च्या कोंबडीत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, त्यामुळे भीती खरी आहे. पण त्या भीतीपोटी आपण आणखी अर्धा तास ठेवतो आणि रस निघून जातो. एक आकडा दोन्ही प्रश्न सोडवतो.

"आजीला कुठे थर्मामीटर लागला?" हा हुकमी प्रश्न. आजीकडे एकाच चुलीसमोर काढलेली चाळीस वर्षं होती. पीजीत राहणाऱ्या मुलाकडे एक ओटीजी आणि महिनाअखेरचे पैसे असतात. त्याला अर्धा किलो चिकन वाया घालवणं परवडत नाही. १९७०मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप दिलं आणि शेजारी विचारायला कोणी नसलेल्यांनाही स्वयंपाक जमू लागला. त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल म्हणजे अंश सेल्सिअस.

हे मराठीच्या अंकात कशाला, असं वाटेल. पण नेमकं सांगायची वेळ आली की आपण इंग्रजी व्हिडिओकडे वळतो आणि मराठीत "मस्त होईपर्यंत भाजा" एवढंच उरतं. भाषा फक्त कवितेने जगत नाही, नीट लिहिलेल्या कृतीनेही जगते. म्हणून मंडळातल्या सगळ्यांना एकच विनंती: या नाताळात घरची एक तरी पाककृती लिहून काढा. चव तुमच्या घरची राहू दे, पण ग्रॅम, मिनिटं आणि अंश मराठीत लिहा.