‘निव्वळ वनस्पतिजन्य’ डब्यातील सिब्युट्रामिन

स्थूल रुग्णास आम्ही प्रथम विचारतो, यापूर्वी कोणते चूर्ण घेतले? आठवड्यात भूक मावळली, तोंडास कोरड पडली, झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली, असे ऐकताच आम्हांस सिब्युट्रामिनची शंका येते. हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०११ साली भारतात बंदी आलेले हे रसायन ‘निव्वळ वनस्पतिजन्य’ म्हणविणाऱ्या उत्पादनांत अनेक देशांत आढळले आहे. आपल्या लेखन द्रव्यांना एवढी घाई नसते! १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने स्थूलता बरी करण्याच्या जाहिरातीस मनाई असूनही असे डबे आपल्याच बंधूंच्या दुकानांत दिसतात. दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो. लेबलावर परवाना क्रमांक वा घटकद्रव्ये नसल्यास माल उतरवूनच घेऊ नये. क्रमांक असूनही वरील लक्षणे उद्भवल्यास उरलेला डबा जपून अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा.