पळस फुललाय, मुलांना घेऊन निघा
वसंतात मुलांना चेरीचा बहर दाखवावा, अशी हौस आता पिंप्राळ्यातल्या घरांतही बोलून दाखवली जाते. पण जपानचा साकुरा मार्चअखेरीस, ऐन परीक्षांच्या तोंडावर येतो आणि शिलाँगची चेरी तर नोव्हेंबरात फुलते. खानदेशाचा स्वतःचा बहर मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच सातपुड्यात पेटलेला असतो. भुसावळ, फैजपूर करत रावेर तालुक्यातल्या पालकडे निघालं, की पानं झडलेल्या पळसाच्या फांद्या नुसत्या केशरी दिसतात. फैजपूर म्हणजे 1936 साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. तिथे चहाला थांबून मुलांना एवढं सांगावंच. पुढे यावल अभयारण्याच्या कडेला घाई नको. पळसाच्या फुलाला चोचीसारखा बाक असतो, वास जवळजवळ नसतो, आणि मधासाठी येणारे पक्षी त्याचे पराग वाहून नेतात. मुलांनी थोडा वेळ गप्प उभं राहून शिंजीर, साळुंक्यांची ती लगबग पाहावी. पुस्तकातल्या धड्यापेक्षा हे कितीतरी पक्कं लक्षात राहतं. काटेसावरीची लाल, मांसल फुलंही याच दिवसांतली. होळीच्या आधीच्या आठवड्यात पावरा-भिल्ल गावांकडे भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल-बासरी घुमते. तारीख जुळली तर जरूर जावं, फोटो मात्र विचारूनच काढावेत. मार्चमध्येच पारा चाळिशीकडे झेपावतो, म्हणून पहाटे निघावं. पाणी, टोप्या आणि कळण्याची भाकरी सोबत घ्यावी. झाडावरचं फूल तोडू नये. अभयारण्याबाहेर रस्त्याकडेला गळालेली ओंजळभर फुलं रात्रभर पाण्यात भिजवली, की धुळवडीला केशरी-पिवळा रंग घरचाच तयार होतो.