शेवटून येणाऱ्यांची शर्यत

मुंबई मॅरेथॉनचा विजेता 42.195 किलोमीटर सव्वादोन तासांच्या आत संपवतो. तेवढ्या वेळात बँकेत नोकरी करणारा किंवा शाळेत शिकवणारा हौशी धावपटू जेमतेम निम्म्यावर पोचतो आणि पेडर रोडचा चढ अजून पुढेच असतो. बक्षीस नाही, बातमी नाही. नोंदणीचे पैसेही त्यानेच भरलेले. तरी 2004 पासून ही शर्यत तगली आहे ती त्याच्याच जिवावर.

साताऱ्याच्या शर्यतीत तो यवतेश्वरचा घाट चढतो. चढावर दम लागतो हे खरे, पण गुडघे बोलू लागतात ते उतारावर. म्हणून मुरलेला गडी उतरतानाच वेग आवरतो.

अशाच हौशी धावपटूंपैकी एक, फौजा सिंग, 2000 साली लंडन मॅरेथॉन धावले, तेव्हा त्यांचे वय 89 सांगितले जाई. 2025 मध्ये जालंधरजवळच्या आपल्या गावी वाहनाच्या धडकेने ते गेले.

शर्यतीपुरते रस्ते बंद होतात. एरवी हौशी धावपटू पहाटेच्या अंधारात, उखडलेल्या पदपथावरून, डंपर चुकवत धावतो. महापालिकांनी रोज पहाटे 5 ते 7 प्रत्येक भागात एखादा रस्ता वाहनांना बंद ठेवावा आणि कुलूपबंद मैदानांची फाटके उघडावीत. त्यासाठी कोणत्याही प्रायोजकाची गरज नाही.