विशेषणांपलीकडचे इंग्रजी

‘मी पाहिलेले ऐतिहासिक स्थळ’ हा विषय शाळेतील इंग्रजी निबंधांत पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसला आहे. त्यावर लिहिल्या जाणाऱ्या निबंधांचा साचाही ठरलेला आहे. सहल पहाटे निघते, स्थळ ‘ब्यूटिफुल’ असते, दरवाजा ‘ह्यूज’ असतो, देखावा ‘वंडरफुल’ असतो आणि संध्याकाळी मंडळी दमून, परंतु आनंदाने घरी परततात. स्थळाचे नाव झाकून ठेवले तर वर्णन रायगडाचे आहे, घारापुरीचे आहे की आग्र्याच्या ताजमहालाचे, हे परीक्षकालाही सांगता येऊ नये. विशेषणांची रेलचेल आहे, पण नामांचा दुष्काळ आहे. भिंत, दरवाजा आणि खिडकी या तीन शब्दांवर सारी वास्तू कशीबशी उभी केलेली असते. गुण मिळतात, विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो, आणि इंग्रजी आठ-दहा वर्षे शिकूनही समोरच्या इमारतीसंबंधी चार वाक्ये बोलण्याची वेळ आली की तो गप्प राहतो.

सुखवस्तू घरातील मुलाच्या बाबतीत ही उणीव म्हणजे फार तर संस्कारातील त्रुटी ठरेल. काळाचौकीतील मुलाच्या बाबतीत तिला रोकडा आर्थिक अर्थ आहे. कॉटन ग्रीनला हार्बरची गाडी पकडली की पाचवे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. त्या स्थानकाची इमारत २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. घारापुरीची लेणी त्या यादीत १९८७ पासून आहेत. ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या, एका बाजूच्या व्हिक्टोरिअन गॉथिक व दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये तो मान मिळाला. आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना मिळाला, त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत. या सर्व ठिकाणी जगभरचे प्रवासी येतात आणि त्यांना ती दाखविण्याचा एक व्यवसाय उभा राहिलेला आहे. त्या व्यवसायाची भाषा मुख्यतः इंग्रजी आहे. गिरणगावातील पदवीधर मुले मात्र त्याच गाडीने त्याच स्थानकावर उतरतात आणि मान वर न करता कुरिअरच्या नाहीतर विम्याच्या कचेरीकडे चालू लागतात.

प्रवासी मार्गदर्शकाला पैसे कशाचे देतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने विचारून पाहण्यासारखा आहे. इमारत सुंदर आहे हे त्याला दिसतच असते, तेव्हा ‘सुंदर’ या शब्दाला बाजारात मोल नाही. त्याला जे दिसत नाही ते दाखविणाऱ्याला तो पैसे देतो; आणि न दिसणारी गोष्ट दाखवायची तर तिचे नाव घ्यावे लागते. टर्मिनसच्या दर्शनी बाजूवर तोंड वासून बसलेले प्राणी सर्वांनाच दिसतात. त्यांना इंग्रजीत ‘गार्गॉइल’ म्हणतात, छपरावरचे पावसाचे पाणी भिंतीवर न ओघळता दूर पडावे यासाठी युरोपातील गवंड्यांनी ती युक्ती काढली, आणि ज्या मुखातून पाणी पडत नाही त्याला काटेकोरपणे गार्गॉइल म्हणता येत नाही, हे सांगणारा भेटला की प्रवासी पाच मिनिटे जागचा हलत नाही. प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह आहे आणि वाघ आहे. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. हे कळल्यावर दारातून आत जाणे ही निराळीच गोष्ट होते.

येथे मराठी मुलाची अडचण असते ती बुद्धीची किंवा उच्चाराची नसते. त्याला इंग्रजी शब्द सुटे, अधांतरी शिकविले जातात, ही खरी अडचण आहे. वास्तविक त्याच्याजवळ मायबोलीतला मोठा साठा आहे. देवळात अभिषेकाचे पाणी गोमुखातून बाहेर पडते हे त्याने लहानपणापासून पाहिलेले आहे. गार्गॉइल हा त्या गोमुखाचाच दूरचा भाऊबंद होय, एवढे सांगितले की शब्द मनात रुतून बसतो. घराचे जोते म्हणजे ‘प्लिंथ’, तुळई म्हणजे ‘बीम’, भिंत बाहेरच्या बाजूला ढळू नये म्हणून तिला दिलेला दगडी धिरा म्हणजे ‘बट्रेस’. गडाचा तट म्हणजे ‘रॅम्पार्ट’, बुरूज म्हणजे ‘बॅस्टिअन’, बंदुकीचा मारा करण्यासाठी तटात ठेवलेली जंगी म्हणजे ‘लूपहोल’. मोठ्या दरवाजाच्या फळीतच कोरलेल्या लहान दिंडीला इंग्रजीत ‘विकेट’ म्हणतात. क्रिकेटच्या यष्ट्यांना ते नाव पडले ते या छोट्या फाटकाशी असलेल्या साम्यावरून. काळाचौकीच्या मैदानात जन्मभर विकेट घेणाऱ्या मुलाला हे कोणी सांगत नाही, ही आपल्या इंग्रजी अध्यापनाची गंमत म्हणावी की शोकांतिका, ते ज्याचे त्याने ठरवावे.

मराठीच्या वाटेने इंग्रजीकडे गेल्याचा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. इंग्रजी शब्द कोठे तोकडा पडतो हे त्या वाटेने गेलेल्यालाच कळते. लेण्याला इंग्रजीत ‘केव्ह’ म्हणण्याचा प्रघात आहे. केव्ह म्हणजे गुहा, निसर्गाने केलेली पोकळी. अजिंठ्याला जाणाऱ्या परदेशी प्रवाशाचा त्या शब्दाने असा समज होतो की भिक्षूंना डोंगरात आयत्या गुहा सापडल्या आणि त्यांत त्यांनी चित्रे काढली. प्रत्यक्षात छिन्नी-हातोड्याने अखंड कातळ पोखरून स्तंभ, विहार आणि चैत्यगृहे घडविलेली आहेत. वेरूळच्या कैलासाला तर ‘सोळा क्रमांकाची केव्ह’ म्हणतात. आणि तो उघड्या आकाशाखाली उभा असलेला, डोंगर वरून खाली कापीत आणलेला एकसंध प्रासाद आहे. अशा ठिकाणी ‘रॉक-कट’ हा शब्द जोडल्यावाचून गत्यंतर नाही, हे मराठी ‘लेणे’ ज्याला ठाऊक आहे त्याला चटकन पटते. तीच कथा ‘कॅसल’ या शब्दाची. किल्ल्याला सरसकट कॅसल म्हटले जाते. परंतु कॅसल म्हणजे मुळात सरदाराचे तटबंद निवासस्थान. राजगडाला किंवा साल्हेरला तो शब्द लावणे म्हणजे डोंगराला वाडा म्हणणे होय. आणि राजगडाची संजीवनी माची इंग्रजीत कशी सांगणार? ‘टेरेस’ म्हटले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गच्ची येते. तेथे ‘माची’ हाच शब्द ठेवून त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगणे इष्ट. ‘छत्री’, ‘छज्जा’ आणि ‘जाळी’ हे शब्द इंग्रजी वास्तुग्रंथांत अशाच रीतीने गेलेले आहेत आणि ‘चाळ’ तर इंग्रजी कोशातही बसली आहे. माचीला तेथे जाण्यास कोणाची मनाई नाही. कोणीतरी तो शब्द आत्मविश्वासाने उच्चारला पाहिजे.

हे शिक्षण वर्गाच्या चार भिंतींत होणार नाही, आणि सुदैवाने काळाचौकीला त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. पायी जाण्याजोग्या अंतरावर शिवडीचा किल्ला आहे. ब्रिटिशांनी १६८० साली तो बांधला आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली तेव्हा त्याला त्याची झळ पोहोचली. किल्ला लहान आहे, राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि गर्दीपासून दूर आहे. पहिल्या दरवाजातून आत गेले की दुसरा दरवाजा सरळ रेषेत न येता काटकोनात येतो. शत्रूला धाव घेऊन थेट धडक मारता येऊ नये ही त्यातील योजना. ही एक गोष्ट विद्यार्थ्याने तेथे उभे राहून, बोट दाखवून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावून सांगितली, तर विशेषणांनी भरलेल्या दहा निबंधांपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल. पुढे कमानीच्या छताचे लांब दालन आहे, त्याला ‘व्हॉल्ट’ हा शब्द लागतो. तटावरून खाडी दिसते. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू दिसतो. हिवाळ्यात चिखलवटीवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी माणसे शिवडीला येतातच. एका सकाळी पंचवीस शब्द, तेही वस्तूला हात लावून शिकलेले. कोणत्याही मार्गदर्शिकेत एवढा मजकूर एवढ्या स्वस्तात मिळत नाही.

वस्तूला हात लावून शब्द शिकण्याची ही रीत गिरणगावाला मुळीच नवी नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या ज्या माणसांनी गिरण्या चालविल्या, त्यांतील बहुतेकांनी शाळेत इंग्रजीचे अक्षरही गिरविले नव्हते. तरी ‘जॉबर’, ‘बॉबिन’, ‘डॉफर’, ‘स्पिनिंग’, ‘वायंडिंग’ हे शब्द त्यांच्या तोंडी मायबोलीसारखे रुळले होते. व्याकरण कोणी शिकविले नाही, पाठांतर कोणी करवून घेतले नाही. यंत्र समोर होते, चूक झाली तर धागा तुटत होता आणि पगार कापला जात होता. त्याच माणसांची नातवंडे आज बारावीपर्यंत इंग्रजी शिकतात आणि त्यांना आजोबांइतकेही कामाचे इंग्रजी शब्द येत नाहीत. या विसंगतीचा विचार शिक्षणखात्याने केला नसला, तरी शिक्षकांनी करण्यास हरकत नसावी.

ज्या इमारती पाहण्यासाठी प्रवासी येतात त्यांच्याशी गिरणगावाचे नाते केवळ शेजारीपणाचे नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला पोहोचेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या व्यापारात गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव आहे. टर्मिनसची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची, हे प्रत्येक पुस्तकात असते. तिच्यावरील नक्षीकामात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता, हे क्वचितच सांगितले जाते. कुर्ल्याच्या आणि मालाडच्या खाणींतील दगड, कापसाचा पैसा आणि एतद्देशीय कारागिरांचे हात यांतून दक्षिण मुंबईचे वैभव उभे राहिले. त्या वैभवाचे वर्णन करण्याचा हक्क काळाचौकीला इतर कोणाहून कमी नाही.

या सर्वांवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, साहेबाच्या इमारतींची साहेबाच्या भाषेत स्तुती करावयास मुलांना शिकविणे म्हणजे नव्या प्रकारची चाकरी. तथापि बट्रेसचे नाव जाणणे म्हणजे राणीच्या राज्याचे गोडवे गाणे नव्हे. उलट नावे न जाणणाऱ्याला दुसऱ्याने लिहून दिलेले गोडवेच म्हणावे लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मार्गदर्शकाचे काम हंगामी आहे. पावसाळ्यात प्रवासी घटतात, आणि २०२० च्या महामारीत हा धंदा एका रात्रीत कसा बसला ते सर्वांनी पाहिले. त्यात भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही. गिरणीच्या पगाराची जागा हे काम भरून काढील असे कोणी सांगत असेल तर ती शुद्ध फसवणूक होय. परंतु हीच शब्दसंपत्ती हॉटेलच्या स्वागतकक्षात, संग्रहालयाच्या तिकीटखिडकीवर, जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या वास्तुविशारदाच्या कचेरीत आणि भाषांतराच्या टेबलावरही चालते. पाच ठिकाणी चालणारे नाणे खिशात असणे शहाणपणाचे आहे, मग त्यातील एखादी पेढी अधूनमधून बंद राहिली तरी.

काळाचौकीपुरता प्रश्न याहून निकडीचा आहे. ससून घराण्याच्या गिरण्यांचा जो समूह पुढे इंडिया युनायटेड म्हणून ओळखला गेला, त्यातील दोन-तीन क्रमांकाच्या गिरणीच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय योजिले आणि त्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. गिरणीची इमारत हीसुद्धा ऐतिहासिक वास्तूच होय. करवतीच्या दात्यांसारखे तिचे छप्पर आणि त्याच्या उत्तरेकडील काचा, ज्यांतून थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड साच्यांवर पडतो, त्याला इंग्रजीत ‘नॉर्थ-लाइट रूफ’ म्हणतात. संग्रहालयात त्यावर इंग्रजी पाटी लागेल आणि ती कोणीतरी पुस्तकावरून लिहील. त्या छपराखाली उन्हाळ्यात काय होत असे, हवेत कापसाचे तंतू कसे तरंगत असत, साच्यांच्या आवाजात माणसे हातवाऱ्यांनी कशी बोलत, हे पुस्तकात असेलच असे नाही.

ते ठाऊक असलेली माणसे अद्याप काळाचौकीच्या चाळींत आणि अभ्युदयनगरच्या इमारतींत राहतात. रात्रशाळेतील, महाविद्यालयातील मुलांनी त्यांच्यापाशी बसून एकेका खात्याचे, एकेका भिंतीचे आणि यंत्राचे नाव टिपून घ्यावे आणि समोर त्याचे इंग्रजी लिहावे. यासाठी अनुदान लागत नाही, वही लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या दिवशी जो कामगार विशीत होता, त्याने आता साठी ओलांडली आहे.